रिंग जाते, उचलत नाहीत

मित्रांनो, मी चकतीचा काळा टेलिफोन. वय वर्षं अडतीस. पनवेलजवळ तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एक रसायनांचा कारखाना आहे. त्याच्या फाटकाशी पहारेकऱ्यांची केबिन आहे आणि केबिनमधल्या लोखंडी टेबलावर माझा मुक्काम असतो. कारखान्याचं नाव मी सांगणार नाही. त्यावाचून काही अडत नाही.

तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा फोन फक्त चित्रात पाहिला असेल. चकतीच्या भोकात बोट घालून ती गर्रकन फिरवायची, सोडून द्यायची, मग पुढचा आकडा. हे घरातल्या मोठ्यांनी तुम्हाला हसत हसत सांगितलं असेल. पण आज मला चकतीबद्दल बोलायचं नाही. घंटेबद्दल बोलायचं आहे.

माझा जन्म बेंगळुरूला झाला. माझा तळ उघडला तर आत पितळेच्या दोन वाट्या दिसतात आणि त्यांच्या मधोमध एक चिमुकली हातोडी. हातोडीच्या बुडाशी बारीक तारेची रिळं आहेत. कोणी माझा नंबर लावला की एक्स्चेंजमधून माझ्याकडे एक जोरकस प्रवाह येतो. तो सेकंदाला पंचवीस वेळा इकडून तिकडे, तिकडून इकडे असा उलटत राहतो. त्याने रिळांचं लोहचुंबक होतं आणि हातोडी त्याच तालावर कधी डाव्या वाटीवर, कधी उजव्या वाटीवर आपटते. ट्रिंग-ट्रिंग. मग दोन सेकंद विसावा. पुन्हा ट्रिंग-ट्रिंग. रिसिव्हर उचलला गेला की एक्स्चेंजला ते लगेच कळतं. घंटेचा प्रवाह थांबतो आणि दोघांच्या बोलण्याची वाट मोकळी होते.

आता जी गोष्ट सांगतो ती मोठ्या माणसांनाही सहसा ठाऊक नसते. फोन करणाऱ्याच्या कानात जी रिंग ऐकू येते, ती माझी घंटा नसते. माझा आवाज तारेतून उलटा त्याच्यापर्यंत जातच नाही. त्याच्या कानातला तो टुर्र-टुर्र आवाज एक्स्चेंज स्वतः तयार करतं. ‘तुमचा नंबर लागलाय, थांबा’ एवढाच त्याचा अर्थ. म्हणूनच कधी कधी लोक म्हणतात, “अरे, रिंग वाजायच्या आधीच उचललास?” दोन्ही आवाज वेगळे, दोन्हींची वेळही किंचित मागेपुढे. आणि म्हणूनच माझी घंटा बंद असली, तरी फोन करणाऱ्याच्या कानात रिंग वाजत राहते. अगदी व्यवस्थित, न थकता.

हे नीट लक्षात ठेवा. माझी सगळी हकिगत यावरच उभी आहे.

मी तळोज्याला आलो तेव्हा कारखाना नवा होता. कृष्णकांत साहेब व्यवस्थापक होते. त्यांच्या टेबलावर माझी जागा होती. तिसऱ्या घंटेच्या आत रिसिव्हर उचलायचा हा त्यांचा नियम. जेवत असले तरी डाव्या हाताने उचलायचे. त्यांनी मला कधी नावं ठेवली नाहीत, कधी आदळलंही नाही. दर शनिवारी माझ्यावरची धूळ पुसली जायची.

एके सकाळी मी वाजलो. साहेबांनी उचललं. पलीकडे एक बाई होती, दमलेली, घाबरलेली.

“साहेब, मी गोदू बोलते, तुमच्या मागच्या पाड्यावरशी. किराना दुकानातून फोन करते. तुमच्या भितीखालशी उग्र वास येतोय. पोरं खोकत हायेत.”

कारखान्याच्या मागच्या भिंतीपलीकडे नाला आहे आणि नाल्याकाठी आगरी लोकांचा एक पाडा. गोदूबाई तिथे भाजी पिकवायच्या. साहेबांनी त्यांना एवढंच विचारलं, “भिंतीच्या कुठल्या टोकाला?” आणि लगेच माणसं धाडली. पाइपाचा एक सांधा ढिला झाला होता. आतल्या कोणाला पत्ता नव्हता. भिंतीच्या त्या बाजूला आतलं कोणी जातच नसे.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पेंटरला बोलावून फाटकावर आणि मागच्या भिंतीवर माझा नंबर रंगवून घेतला. ‘वास आला किंवा गळती दिसली, तर ताबडतोब फोन करा.’ मला त्यांनी स्वतःच्या टेबलावरून उचलून फाटकाच्या केबिनमध्ये नेलं. कारकुनाला आश्चर्य वाटलं. साहेब म्हणाले, “ऑफिस सहाला बंद होतं. फाटकावर माणूस कायम असतो.” माझ्याशेजारी एक वही ठेवली. आलेला प्रत्येक फोन तिच्यात लिहायचा, आणि काय केलं तेही लिहायचं.

खोटं कशाला सांगू, ऑफिसातून केबिनमध्ये आलो तेव्हा मला थोडं उतरल्यासारखं वाटलं होतं. पण ते दिवस माझे सगळ्यात चांगले होते. फोन महिन्यातून दोन-तीनच यायचे, पण आला की माणसं धावायची. गोदूबाईंचा आवाज मला पाठ झाला. काम झालं की त्या पुन्हा फोन करून “वास गेला हां” असंही सांगायच्या. तक्रार करणारे पुष्कळ असतात. तक्रार मिटल्याचं कळवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पुढे साहेब निवृत्त झाले. सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले. आसपास वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. वासाने हैराण झालेले नवे लोक भिंतीवरचा नंबर वाचून फोन करू लागले. दिवसाला दहा, पंधरा. काही वास आमचे असत, काही शेजारच्या कारखान्यांचे. वही भराभर भरू लागली.

तेव्हा प्रशासनाचं काम उदयसिंह नावाच्या अधिकाऱ्यांकडे होतं. मी दुष्ट माणसं फार पाहिली नाहीत. उदयसिंहही दुष्ट नव्हते. त्यांना कटकट नको होती. वहीतल्या प्रत्येक तक्रारीचं उत्तर महिनाअखेर वर पाठवावं लागे आणि त्यावरून त्यांना बोलणी खावी लागत. एका दुपारी ते केबिनमध्ये आले. अविनाश नावाचा पहारेकरी कामावर होता.

“अविनाश, ह्याची घंटा बंद कर.”

अविनाशने भिंतीतल्या वायरकडे हात नेला.

“ती नको. कोणी तपासायला आलं, रिसिव्हर उचलला, तर टोन यायला पाहिजे. आतली घंटेची तार काढ फक्त.”

“मग फोन आलेला कळणार कसा, साहेब?”

“नाही कळला तर नाही कळला. करणाऱ्याला रिंग ऐकू जाते ना? समाधान होतं त्याचं. दोन-चार वेळा करेल, कंटाळेल.”

“पण खरंच काही झालं तर?”

“झालं तर आपल्याला आतूनच कळेल. तुझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपतंय ना? मग कशाला जास्त डोकं चालवतोस?”

अविनाशने स्क्रू ड्रायव्हर घेतला. माझा तळ उघडला, रिळाची तार सोडवली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि तळ पुन्हा बंद केला. काम झाल्यावर तो बराच वेळ माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत बसला.

मित्रांनो, त्यानंतर काय होई ते सांगतो. फोन येतच होते. प्रवाह माझ्या पोटातल्या स्क्रूपर्यंत येई आणि तिथेच थांबे. पुढे जायला तार नव्हती. हातोडी दोन वाट्यांच्या मध्ये उभी असे, हलत नसे. मिनिटभराने प्रवाह आपोआप बंद होई. तिकडे कोणीतरी मोबाइल कानावरून काढून म्हणत असणार, “रिंग जाते, उचलत नाहीत.”

वही कोरी राहू लागली. सहा महिन्यांनी ‘एकही तक्रार नाही’ म्हणून कारखान्याला एक प्रशस्तिपत्र मिळालं. त्याची चौकट माझ्याच समोरच्या भिंतीवर लावली होती. रोज सकाळी मला ती दिसायची.

हळूहळू फोन कमी झाले, मग जवळजवळ थांबले. पाड्यावर लोक म्हणू लागले होते, “आपला नंबर बघून उचलत नायत. आपन म्हंजे त्यांना कोन?” ही गोष्ट मला मागाहून कळली. मला कोणाचा नंबर दिसत नाही हो! माझ्यात तसली पट्टीच नाही. पण ते त्यांना कोण सांगणार?

मग गेल्या जानेवारीतला तो मंगळवार उजाडला.

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रवाह माझ्या दारात आला. अविनाश माझ्यापासून दोन हातांवर बसून आत येणाऱ्या ट्रकचे नंबर लिहीत होता. प्रवाह गेला. लगेच पुन्हा आला. पुन्हा गेला. पुन्हा आला. एकामागून एक अकरा वेळा. इतक्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. कोणीतरी मला सोडतच नव्हतं. मी वाजू शकत नव्हतो. अविनाशने एकदा जरी सहज रिसिव्हर उचलला असता, तरी बोलणं झालं असतं. तो का उचलेल? त्याच्या कानावर काही आलंच नव्हतं.

पावणेदहाच्या पुढे रस्त्यावरून एक म्हातारी बाई धावत येताना दिसली. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात एकच चप्पल, हातात मोबाइल. पाड्यावरून फाटकापर्यंत यायचं तर अख्ख्या भिंतीला वळसा घालावा लागतो. साठी ओलांडलेल्या माणसाला ते अर्ध्या तासाचं चालणं आहे.

“पाइप फुटलाय मागं!” तिने खिडकीच्या गजांना धरूनच सांगितलं. “नाल्यात पिवलं पानी पडतंय, धूर निघतोय. पोरांचे डोले जलतायत.”

आवाज ऐकला आणि मी ओळखलं. गोदूबाई.

अविनाशने क्षणही घालवला नाही. भोंग्याचं बटण दाबलं, आतल्या फोनवरून पाळीच्या इंजिनिअर अनुया मॅडमना कळवलं. माणसं चुन्याची पोती घेऊन मागे धावली. टाकीचा व्हॉल्व्ह बंद झाला, सांडलेल्या ॲसिडवर चुना टाकला गेला. हे सगळं व्हायला वीस मिनिटं लागली. तोपर्यंत पाइप जवळजवळ तासभर वाहिला होता.

गोदूबाई केबिनच्या पायरीवर बसल्या होत्या. अविनाशने पाणी दिलं. त्यांनी ते तोंडावर मारलं, प्यायल्या नाहीत.

“माजी नात, आभा. तिसरीत हाय. साळेत जायला नाल्याच्या वाटेनंच निगाली व्हती. धुरात सापडली. श्वास घेता येईना तिला. देवेसनं, माज्या लेकानं, रिक्षात घालून पनवेलला नेलीय.” त्या थांबल्या. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. “अकरा वेला फोन केला तुमाला. एकदा पन उचलला नाय.”

“मावशी, फोन आलाच नाही,” अविनाश म्हणाला.

गोदूबाई उठल्या. आत आल्या. मोबाइलवर माझा नंबर दाबला, स्पीकर लावला आणि मोबाइल माझ्या शेजारी टेबलावर ठेवला. टुर्र-टुर्र. टुर्र-टुर्र. मोबाइलमधून रिंग स्पष्ट ऐकू येत होती. मी गप्प.

“हा बघ. माज्या कानात वाजतोय, तुज्या टेबलावर वाजत नाय. ह्यो काय परकार हाय?”

अविनाशने खाली मान घातली. मग हात पुढे करून माझा रिसिव्हर उचलला. मोबाइलमधली रिंग तत्क्षणी थांबली.

“हॅलो,” तो हळूच म्हणाला, आणि त्याचा हॅलो मोबाइलमधून बाहेर आला.

“म्हंजे लाइन चालू हाय,” गोदूबाई म्हणाल्या. “घंटाच मेलीय.”

“मेली नाही, मावशी. मी तार काढली. सात महिने झाले.”

बाहेर एक ट्रक हॉर्न देत उभा राहिला होता.

“अरे,” गोदूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. “रिंग जात व्हती, म्हनून मी थांबले. वाटलं, आता उचलतील. आता उचलतील. एवडी वाजतेय तर कोन तरी उचलेलच ना? लागलाच नसता फोन, तर पयल्या मिनटाला धावले असते रे मी.”

मित्रांनो, मी अडतीस वर्षं लोकांची बोलणी ऐकतो आहे. इतकं जड वाक्य माझ्या शेजारी दुसरं कोणी बोललं नाही.

अविनाशने खणातून स्क्रू ड्रायव्हर काढला. ट्रकवाला ओरडत होता, त्याला हाताने थांब म्हणाला. माझा तळ उघडला, चिकटपट्टी सोलली, तार जागेवर बसवली, स्क्रू आवळला. मग मला सरळ ठेवलं.

“आता लावा, मावशी.”

त्यांनी लावला. प्रवाह आला, स्क्रू ओलांडून आत शिरला आणि हातोडी हलली. सात महिन्यांची धूळ होती, पहिला ठोका घोगरा पडला. दुसरा नीट पडला. ट्रिंग-ट्रिंग! केबिनच्या बाहेर उभे असलेले दोन कामगार दचकून वळले. त्यांनी माझा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

अविनाशने रिसिव्हर उचलला. “हॅलो. फाटकावरून अविनाश बोलतोय.”

वाटलं होतं, गोदूबाई आता मोबाइल बंद करतील. त्यांनी तो कानाला लावला. त्याच्यापासून दोन हातांवर उभ्या राहून त्या फोनमध्ये बोलू लागल्या.

“मी गोदूबाई बोलते, पाड्यावरशी. आज नऊ वाजून धा मिनटांनी तुमच्या मागच्या पाइपातून ॲसिड नाल्यात आलं. चार पोरांना तरास झाला. एक दवाखान्यात हाय. मी अकरा वेला फोन केला. लिव.”

अविनाशने कोरी वही उघडली आणि लिहिलं. एकेक शब्द, त्या सांगतील तसा. त्या थांबल्यावरही तो लिहीतच राहिला. खाली त्याने स्वतःहून दोन ओळी घातल्या: ‘या फोनच्या घंटेची तार मी काढली होती. उदयसिंह साहेबांनी सांगितलं म्हणून काढली.’ आणि सही केली.

तेवढ्यात अनुया मॅडम आल्या. हात कोपरापर्यंत चुन्याने पांढरे. त्यांनी उभ्या उभ्या वही वाचली. पुन्हा एकदा वाचली. मग खिशातून पेन काढलं आणि अविनाशच्या सहीखाली आपली सही केली.

संध्याकाळी उदयसिंह आले. “हे पान फाडून टाक,” असं अविनाशला म्हणाले. अविनाश म्हणाला, “साहेब, मॅडमची सही आहे त्याच्यावर. आणि मावशींच्या मोबाइलात अकराच्या अकरा फोन वेळेसकट दिसतात.” उदयसिंह खुर्चीवर बसले. कपाळ पुसलं. मला त्यांचीही थोडी कीव आली. त्यांना कोणाला इजा करायची नव्हती. त्यांना फक्त शांतता हवी होती.

चौकशी झाली. उदयसिंहांची दूरच्या शाखेत बदली झाली. अविनाशचं कंत्राट या वेळी वाढवलं नाही. तार काढणारा हात त्याचा होता, असं त्याला सांगण्यात आलं. तार परत जोडणाराही हात त्याचाच होता, हे कोणी बोललं नाही. मला ते पटलं नाही, पण मला कोण विचारतो? शेवटच्या दिवशी त्याने ओल्या फडक्याने मला पुसलं, चकतीच्या दहाही भोकांतून बोट फिरवलं. आता तो खारघरला एका सोसायटीच्या फाटकावर आहे, असं ऐकतो.

आभा तीन दिवस दवाखान्यात होती. डोळे लवकर निवळले. खोकला मात्र होळीपर्यंत टिकला. आता ती चौथीत गेली आहे आणि दुसऱ्या वाटेने शाळेला जाते. वाट लांब पडते.

भिंतीवरचं प्रशस्तिपत्र अनुया मॅडमनी काढून ठेवलं. कोणी म्हणालं, “मॅडम, हा जुना डबा फेका, नवीन घेऊ.” त्या म्हणाल्या, “नव्याची घंटा बंद करायला तर स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. हाच राहू दे. रोज पाहीन मी.” मग त्यांनी एक सोपी पद्धत घालून दिली. दर सोमवारी सकाळी दहाला गोदूबाई पाड्यावरून फोन करतात. मी वाजतो. केबिनमध्ये जो असेल तो उचलतो.

“वाजला?” त्या विचारतात.

“वाजला, मावशी.”

“बरा,” म्हणून त्या ठेवून देतात. दहा सेकंदांचं बोलणं. पाड्यावरचे इतर लोकही पुन्हा फोन करू लागले आहेत. सगळे अजून नाहीत. विश्वास तार जोडल्यासारखा एका स्क्रूने जोडला जात नाही, हे मला आता कळलं आहे.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे. रस्त्याखालची तांब्याची तार कधीतरी काढतील आणि मलाही हलवतील. त्याआधी एक विनंती आहे. तुमच्या शाळेत, सोसायटीत, दवाखान्यात भिंतीवर कुठे ना कुठे असा एखादा नंबर लिहिलेला असेल: आग लागली तर, लिफ्ट अडकली तर, कोणी पडलं तर. तो नंबर एकदा लावून बघा. पण एकट्याने लावू नका. तुमच्या एका मैत्रिणीला किंवा मित्राला त्या फोनजवळ उभं करा, आणि तुमच्या कानात रिंग वाजू लागली की तिला मोठ्याने विचारा, “तिकडे वाजतोय का?”

तिचं उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.